रात्रीची राखण आणि बंदूक : कोल्हा, डुक्कर, रोही यांच्यासाठी कायद्यात काय बसतं आणि काय नाही

मका दुधावर आला की मला फोन सुरू होतात. बातमीसाठी नाही, बंदुकीसाठी. "आप्पा, बंदूकनं लायसन कसं काढतस?" हा प्रश्न मागच्या तीन-चार वर्षांत मी इतक्यांदा ऐकला की शेवटी म्हटलं, एकदाच सगळं लिहून टाकू. अलीकडे त्यात अजून एक भर पडली. पोरांच्या मोबाईलवर अमेरिकेचे व्हिडिओ येतात. रात्रीची वेळ, बंदुकीवर अंधारात दिसणारी दुर्बीण, आणि समोर कायोटी नावाचं कोल्ह्यासारखं जनावर. एक गोळी, जनावर आडवं. पोरगं म्हणतं, आपल्या वावरातले कोल्हे पण असेच मारता येतील की.

नाही येत. तिकडे बऱ्याच राज्यांत कायोटी वर्षभर मारायला मोकळीक आहे, काही ठिकाणी रात्रीही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे आणि त्याच्या कलम ९ नुसार शिकार बंद आहे. कायोटी आपल्या देशात नाहीच. आपल्याकडे आहे तो कोल्हा, त्याच्यापेक्षा लहान खोकड, मेंढरांमागे फिरणारा लांडगा आणि तरस. हे सगळे संरक्षित आहेत. व्हिडिओ बघून कोणी दुर्बीण मागवली असेल तर त्याने आधी हा लेख पूर्ण वाचावा.

आधी बघा, नुकसान केलं कोणी

बंदुकीचा विषय निघतो तेव्हा निम्म्या लोकांना चोर कोण हेच नक्की माहीत नसतं. सकाळी वावरात गेलं, मका आडवा दिसला, की नाव डुकराचं. जमीन नांगरल्यासारखी उकरलेली, ताटं मोडून लोळवलेली, दोन खुरांचे ठसे, तर डुकरं. शेंडे वरून खुडलेले, हरभऱ्याचे घाटे ओरबाडलेले आणि बांधाजवळ एकाच जागी लेंड्यांचा ढीग, तर रोही. रोही रोज त्याच ठिकाणी लेंड्या टाकतो, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो. खालची कणसं सोलून अर्धवट खाल्लेली, टरबुजाला भोक पाडून आतला गर खाल्लेला, आणि कुत्र्यासारखा पण जरा लांबट, नखं उमटलेला ठसा दिसला तर कोल्हा. ठिबकच्या नळ्या चावलेल्या दिसल्या तर कोल्हाही असू शकतो, साळिंदरही, आणि गावचं कुत्रंही.

हे का महत्त्वाचं? कारण कायदा जनावराप्रमाणे बदलतो. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, वन्यप्राण्यांच्या अनुसूची कमी करून नव्याने मांडल्या. रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. बिबट्या, लांडगा, काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका झाला, आणि मालमत्तेत उभं पीक धरलेलं आहे, तर कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने पारधीची परवानगी देऊ शकतो. लेखी हा शब्द लक्षात ठेवा. "साहेब तोंडी हो म्हणाले" हे कोर्टात चालत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रानडुक्कर आणि रोही या दोघांपुरती ही परवानगीची पद्धत ठरवून दिली. अर्ज आपल्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा. कोल्हा त्यात नाही. म्हणजे मक्यातल्या कोल्ह्यासाठी बंदूक निवडायचा प्रश्नच उरत नाही, कितीही भारी बंदूक असली तरी. बिहारने २०१५ च्या डिसेंबरात रोही आणि डुकरं वर्षभरासाठी उपद्रवी म्हणून जाहीर करून घेतली होती. केरळने २०२२ मध्ये डुकरांच्या परवानगीचा अधिकार ग्रामपंचायतीच्या प्रमुखापर्यंत खाली आणला. आपल्याकडे तसं झालेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे "आता डुक्कर मारायला परवानगीची गरज नाही" असले मेसेज बहुतेक दुसऱ्या राज्यांचे असतात.

कोल्ह्याबद्दल माझं स्वतःचं मत सांगतो, पटलं तर घ्या. कोल्हा वर्षभर वावरातले उंदीर खातो. मका आणि टरबुजाचे पंधरा-वीस दिवस सोडले तर तो आपलाच गडी आहे. दिवसाढवळ्या माणसाच्या अंगावर येणारा, लाळ गाळणारा, तोल जाणारा कोल्हा मात्र पिसाळलेला असू शकतो. त्याच्या मागे काठी घेऊन धावू नका. वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा. चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. आणि कोल्ह्याचं शिंग म्हणून जे बाजारात विकतात ते घेणंही गुन्हा आहे. बहुतेक वेळा ते कातड्याचा तुकडा आणि केस चिकटवून बनवलेलं असतं, म्हणजे पैसेही गेले आणि केसही लागली.

बंदूक कोणती मिळते

शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३. यात शेतकऱ्यासाठी सरळ ओळ आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली की ठासणीची पुरेशी नाही, तर तो गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करू शकतो, नळी २० इंचांपेक्षा कमी नको. म्हणजे व्यवहारात बारा बोअर, एकनळी किंवा दुनळी. रायफल या ओळीत नाही. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर तर पीक संरक्षणाच्या जवळपासही नाही. तरी लोक अर्जात ".३२ रिव्हॉल्व्हर, कारण डुकरांचा त्रास" असं लिहितात आणि मग नामंजूर झालं की अधिकाऱ्याच्या नावाने बोंब मारतात.

ठासणीची बंदूक माझ्या वडिलांकडे होती, त्यामुळे तिचे गुण-अवगुण मला माहीत आहेत. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू, वर चिंध्या किंवा बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि गजाने ठासायचं. मागे टोपी बसवायची. एक बार झाला की दुसरा भरायला मिनिटभर तरी जातं, अंधारात जास्तच. दवाने दारू ओली झाली की नुसती टोपी वाजते. इथेच लोक चूक करतात. टोपी वाजली, बार झाला नाही, की लगेच नळी आपल्याकडे फिरवून बघतात. दारू कधी कधी उशिराने पेट घेते. निदान मिनिटभर नळी जमिनीकडे, माणसांपासून लांब धरून थांबा. आणि दारू मापानेच घाला. "जरा जास्त टाकू, लांब जाईल" म्हणून नळी फुटलेली आणि बोटं गेलेली माणसं आपल्याच तालुक्यांत सापडतील.

बारा बोअर म्हणजे काय हेही सांगतो, कारण दुकानदार सांगत नाहीत. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. आकडा वाढला की नळी बारीक होते, म्हणून १६ बोअर आणि २० बोअर या लहान. २० बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत टाकलं तर ते आत सरकून अडकतं. बाहेरून नळी रिकामी वाटते, माणूस मागून बारा बोअरचं काडतूस घालतो, आणि बार झाला की नळी हातात फुटते. घरात दोन मापांची काडतुसं असतील तर एकाच डब्यात ठेवू नका.

एकनळी की दुनळी? राखणीसाठी एकनळी हलकी, स्वस्त, समजायला सोपी. दुनळीत दुसरा बार लगेच मिळतो, जखमी डुक्कर उलटून आलं तर तो उपयोगाचा. जखमी डुकराचा सुळा मांडी फाडतो, हे ज्याने पाहिलं त्याला सांगायला नको. माझं मत दुनळीकडे जातं, पण ती उघडून-मिटवून बघावी. सांधा ढिला असेल, नळीत खड्डे किंवा गंज असेल तर घेऊ नका. आज्याच्या काळातली बंदूक वारसाने आली असेल तर परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय तिच्यात आजचं काडतूस घालू नका. जुन्या बंदुकांचं घर ६५ मिलिमीटरचं असतं आणि आजची काडतुसं बहुतेक ७० ची. काडतूस आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. नळीच्या बुडाशी ठोकलेले आकडे वाचा.

काडतूस

आपल्याकडे बारा बोअरची जास्त चालणारी काडतुसं शक्तिमान नावाची, ती पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनतात. आपल्या वरणगावची फॅक्टरी सैन्यासाठी रायफलच्या गोळ्या करते. भुसावळ तालुक्यातले बरेच जण समजतात की तिथून ओळखीने काडतूस मिळेल. तिथून एक रिकामी नळी जरी बाहेर आली तरी जेल आहे. काडतूस फक्त परवानाधारक दुकानातून, परवाना दाखवून, परवान्यावर लिहिलेल्या संख्येत, नोंद करून. फेसबुकवर जे बंदुका विकायच्या जाहिराती येतात त्या फसवणुकीच्या असतात. पैसे गेले की तक्रारही करता येत नाही, कारण तुम्ही काय मागवत होता हे सांगावं लागतं.

काडतुसावरचे आकडे उलटे चालतात. ६ आणि ४ नंबर म्हणजे बारीक छर्रे, पाखरांसाठी बनवलेले. हे डुकरावर मारलं तर डुक्कर मरत नाही. कातडीत छर्रे घेऊन पळतं, आठ दिवस सडतं आणि जो समोर येईल त्याच्यावर जातं. एसजी म्हणजे आठ-नऊ जाड छर्रे, एलजी म्हणजे साधारण सहा, त्याहून जाड. परवानगी मिळालेल्या पारधीत डुकरासाठी एलजी किंवा एसजी वापरतात, तेही तीस-पस्तीस पावलांच्या आत. त्यापुढे छर्रे इतके पांगतात की एखादाच लागतो. एकच मोठी गोळी असलेलं काडतूसही असतं. ते लांब जातं, खोल जातं, आणि नळीचं तोंड आतून आवळलेलं असेल, ज्याला चोक म्हणतात, तर नळीला धोका. गावालगतच्या शिवारात हे काडतूस मला पटत नाही.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट. एसजीचा छर्रा पस्तीस पावलांवर निकामी होतो असं नाही. तो तिरका वर उडाला तर अर्ध्या किलोमीटरच्या पुढेही जाऊन पडू शकतो. तुमच्या बांधापासून अर्धा किलोमीटर कोण आहे? रात्री दोन वाजता कोण असेल, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. आपल्याकडे शेतीची लाईट कितीतरी गावांत रात्रीची येते. ती आली की शेजारचा शेतकरी उठतो, चादर गुंडाळतो, वाकून बांधावरून मोटर चालू करायला जातो. केळीत पाणी बदलणारा सालदार वाकलेलाच असतो. मक्यात हलणारं काळं वाकलेलं काही दिसलं तर ते डुक्करच आहे हे कशावरून?

२०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरच्या बाजूच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच गावच्या माणसाला डुक्कर समजून गोळी घातली. सोबत गेलेली माणसं होती ती. ओळखीची.

टॉर्चच्या उजेडात चमकणारे दोन डोळे हे ओळखपत्र नाही. कुत्र्याचे चमकतात, वासराचे चमकतात, शेळीचे चमकतात. अख्खं अंग दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागे माती दिसल्याशिवाय बोट घोड्यावर जायला नको. माळ्यावरून खाली जमिनीकडे बार करणं त्यामुळे बरं, छर्रे मातीत जातात. आडव्या जमिनीवर उभं राहून मक्याच्या ताटांत बार करणं म्हणजे पलीकडच्या वावरात चिठ्ठी न लिहिता पाठवणं. हवेत बार करून जनावर पळवू, हेही चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून बेदरकारपणे, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्नातल्या बारालाही हेच कलम आहे.

आवाज दाबणारी नळी कुठल्याही सामान्य परवान्यात बसत नाही. व्हिडिओतली बहुतेक सामग्री आपल्यासाठी नाही असंच धरा.

परवाना कसा

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर ऑफिस देतं. अर्ज ऑनलाईन पोर्टलवर भरायचा, नमुना ए-१. सोबत ओळख आणि पत्त्याचे पुरावे, सातबारा, फोटो, डॉक्टरचं प्रमाणपत्र, बंदूक चालवायच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आणि बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी. मग पोलीस चौकशी, गावच्या ठाण्यापासून वर एसपी ऑफिसपर्यंत. अंगावर केसेस असतील तर लपवू नका, चौकशीत निघतातच आणि खोटं बोलल्याचं वेगळं लागतं.

पीक संरक्षणाच्या अर्जाला जीव येतो तो कागदांनी. नुकसानीचे पंचनामे, वनविभागाकडे केलेल्या अर्जांच्या पोच, तारीख दिसेल असे फोटो, ग्रामपंचायतीचा दाखला. ज्याच्याकडे तीन हंगामांचे पंचनामे आहेत त्याचा अर्ज वेगळा दिसतो. आपले लोक नुकसान झालं की दोन दिवस शिव्या देतात, तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घालतात, आणि कागद काहीच नाही. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. कलम १८ प्रमाणे अपील करता येतं.

यावल, रावेर, चोपडा, शिरपूर आणि चाळीसगावकडच्या लोकांनी पुढचं नीट वाचा. यावल अभयारण्य, शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्य आणि चाळीसगावच्या डोंगरावरचं गौताळा औट्रमघाट, यांच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी वनविभागाकडे नाव नोंदवायचं असतं. हे वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ मध्ये आहे. अभयारण्याच्या आत बंदूक घेऊन तर जायचंच नाही, रस्ता जवळचा म्हणूनही नाही.

मिळालेला परवाना आता पाच वर्षांचा असतो, आधी तीनचा होता. एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका, आधी तीन चालायच्या. पीक संरक्षणाच्या परवान्यावर जे क्षेत्र लिहिलं असेल तिथेच ती चालते. मामाच्या वावरात डुकरं आली म्हणून घेऊन जाता येत नाही.

सालदाराचा प्रश्न सगळे विचारतात. राखणीला सालदार असतो, मालक घरी झोपतो, मग बंदूक त्याच्याकडे देऊ का? नाही. परवाना नसलेला माणूस बंदूक मालकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी पत्राने नेऊ शकतो, पण ती दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा मालकाला वापरायला पोचवण्यासाठी. स्वतः राखणीला बसून बार करण्यासाठी नाही. नियमात मदतनीसाचं नाव परवान्यावर नोंदवून घ्यायची सोय आहे, तसं करा. नाहीतर बिचारा वर्षाच्या सालावर आलेला माणूस तुमच्या कणसांसाठी जेलात जाईल. विनापरवाना बंदूक बाळगली तर आता कमीत कमी दोन वर्षं आणि पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

त्यावरून, सातपुड्याच्या पलीकडून येणारे गावठी कट्टे. चोपडा आणि शिरपूरच्या पोलिसांच्या बातम्या मी स्वतः लिहिल्या आहेत. "फक्त डुकरांसाठी घेतला" म्हणणारी पोरंही त्यात होती. कट्ट्याने डुक्कर मरत नाही. पोराचं आयुष्य मात्र जातं. छर्र्याची एअरगन .१७७ बोअरपर्यंत आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर तिला परवाना लागत नाही, हे खरं. पण तिने मोर, ससा, कोल्हा मारला तर ती शिकारच. कायद्यात मारायचा प्रयत्नसुद्धा शिकार धरला आहे, फासा, विष, सापळा सगळं त्यात.

परवानगीने मारलं, पुढे काय

मेलेलं जनावर सरकारचं. वनविभागाला कळवायचं, पंचनामा होऊ द्यायचा, मटण वाटून घ्यायचं नाही. मटणाच्या पातेल्यावरच जास्त केसेस होतात, कारण गावात वास जातो आणि ज्याला वाटा मिळत नाही तो फोन करतो. परवानगीशिवाय दुसऱ्या अनुसूचीतलं जनावर मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतलं असेल तर कमीत कमी तीन आणि सात वर्षांपर्यंत कैद, दंड वेगळा. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे जनावर मारलं गेलं तर तो गुन्हा नाही, पण त्या वेळी तुम्ही दुसरा गुन्हा करत नसाल तर. विनापरवाना बंदूक घेऊन बसलेल्याला ही ढाल मिळत नाही.

बिबट्याचं तर वेगळंच. २०१७ मध्ये गिरणेच्या पट्ट्यात, चाळीसगावच्या बाजूला, माणसं मारणाऱ्या बिबट्याने लोकांची झोप उडवली होती. तेव्हासुद्धा वरून लेखी आदेश झाला, बाहेरून निशाणबाज आणला, आणि डिसेंबरात तो मारला गेला. गावातल्या एकाही परवानाधारकाला "तू मार" असं सांगितलं गेलं नाही. बिबट्यासमोर बारा बोअर घेऊन जायची हौस असणाऱ्यांनी हे आठवावं.

तारेत करंट

बंदूक मिळत नाही म्हणून लोक जे करतात ते बंदुकीपेक्षा वाईट आहे, म्हणून इथे लिहितो. ऑगस्ट २०२५, एरंडोल तालुक्यातलं वरखेडी. जनावरांपासून मका वाचवायला शेताला लावलेल्या तारेत वीज सोडलेली. एकाच कुटुंबातले पाच जण त्या तारेला चिकटून गेले. एक लहान मुलगी तेवढी वाचली. त्या दिवशी जिल्ह्यात ज्याच्या ज्याच्या वावरात अशी तार होती त्याने ती गुपचूप काढली असेल. महिन्याभरात परत लागली हेही मला माहीत आहे.

सौर कुंपण आणि करंटची तार यांत फरक आहे. सौर कुंपणात झटका क्षणभराचा, तुटक तुटक येतो, जनावर दचकून मागे हटतं. मेन लाईनची वीज सलग वाहते आणि हात सोडू देत नाही. सौर कुंपणाला डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान आहे, किमतीच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांतलं जे कमी ते. आपलं गाव त्यात बसतं का हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. कुंपणाखालचं गवत काढत राहावं लागतं, नाहीतर गवत तारेला टेकतं आणि झटका मातीत जातो. बरेच जण "कुंपण चालत नाही" म्हणतात, त्यांच्या तारेला गुडघाभर गवत असतं.

पाईपमध्ये कार्बाइड आणि पाणी घालून फटाका उडवायची जी बंदूक माकडं-डुकरांसाठी वापरतात, तिनेच २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पोरांचे डोळे गेले. बार झाला नाही म्हणून नळीत डोकावलं की भडका होतो. पोरांच्या हातात ती देऊ नका. पिठाच्या गोळ्यात भरलेले गावठी बॉम्ब तर डुकरापेक्षा गाई-म्हशीचे जबडे जास्त फोडतात.

माझ्या वडिलांची बंदूक आता नाही. ते गेले तेव्हा परवाना त्यांच्या नावावर, आणि आम्ही भाऊ दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत. घरात बंदूक तशीच खुंटीला. कोणीतरी ओळखीच्याने सांगितलं, अरे, परवानाधारक गेला की त्या दिवसापासून ही बंदूक तुमच्या घरात बेकायदेशीर आहे, आधी ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करा, मग वारस म्हणून अर्ज करा. जमा केली, पावती घेतली. अर्ज केला, कागद कमी पडले, परत केला, मग मका निघून गेला आणि पुढच्या वर्षी मी नादच सोडला. आता दोन कुत्री आहेत, एक बॅटरीवरचा भोंगा आहे आणि आम्ही चार वावरवाले आळीपाळीने जागल करतो. डुकरं येतात. पण एका रात्रीत पूर्ण वाफा जात नाही.

ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांच्यासाठी शेवटचं. निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा करायचा आदेश निघतो, आणि तो नेमका हंगामातच येतो. २०२४ च्या विधानसभेला मका-कापसाच्या दिवसांतच आचारसंहिता होती. पीक संरक्षणाचं कारण देऊन सूट मागता येते, त्यासाठी अर्ज आदेश निघाल्याबरोबर लेखी द्या. जमा करताना बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या पावतीवर लिहून घ्या. परत घेताना ठाण्यातच, सगळ्यांसमोर, नळी उघडून आत बघा.